उभ्या उतारावरची खोल माती

नमस्कार, श्रोतेहो.

इंदुरात कोणी घर बांधायला काढले, की पायाच्या खड्ड्याशी उभा राहून मिस्त्री ठरलेले वाक्य बोलतो : मुरूम लागेपर्यंत खणावे लागेल. कुठे पाच फुटांवर मुरूम लागतो, कुठे दहा फूट गेले तरी काळी मातीच निघत राहते आणि मालकाचा चेहरा उतरत जातो. कारण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती भिंतींना तडे दिल्यावाचून राहत नाही, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. ‘मालव धरती गहन गंभीर’ ही इकडची जुनी म्हण आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातल्या ‘गहन’ शब्दाचा एक अर्थ हा पायाचा खड्डा शिकवतो. सपाट पठार, संथ वाहणारे पाणी आणि साचत गेलेली माती असा सगळा योग असताना इथे ती खोल असावी, यात नवल काही नाही. मला आज बोलायचे आहे ते जिथे नवल वाटावे अशा जागेविषयी. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला, जिथे माणसाला झाडाचा आधार घेतल्याशिवाय धड उभे राहता येत नाही अशा उतारावर, जंगलाखाली काही ठिकाणी पुरुषभर आणि कुठेकुठे त्याहूनही खोल माती सापडते. ती तिथे राहते कशी, आणि ‘राहते’ हा शब्द तिच्या बाबतीत कितपत खरा आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधी ‘खोल’ म्हणजे किती ते सांगतो. आपल्याकडील मृदासर्वेक्षणात १०० ते १५० सेंटिमीटरपर्यंतच्या मातीला खोल म्हणतात, आणि त्यापुढच्या मातीला अतिखोल. घाटातील जंगलात मातीखाली जो मऊ पडलेला, फावड्याने निघणारा खडक असतो, त्याची जाडी यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा फार मोठा होईल. त्या मऊ खडकालाही घाटातले लोक मुरूमच म्हणतात, आणि हा शब्द दोन्हीकडे एकच असणे योग्य आहे, कारण त्याचा मूळ दगडही एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे जे थर एकावर एक पसरले, त्यांचाच सह्याद्री झाला आणि त्यांचेच माळव्याचे पठार झाले. पातालपाणीच्या धबधब्यात पाणी ज्या काळ्या पाषाणावरून खाली झेपावते, त्याच जातीच्या पाषाणाचे महाबळेश्वरचे कडे आहेत.

मग दगड एक असताना इकडची माती काळी आणि तिकडची तांबडी का व्हावी? मुख्य कारण पाऊस आहे. इंदुरात वर्षाकाठी साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजारांच्या घरात. अरबी समुद्रावरून येणारे वारे त्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच ओझे उतरवतात. ज्यांची मूळ गावे वाई-साताऱ्याकडची आहेत आणि जे आजही कुलदैवताच्या निमित्ताने तिकडे जातात, त्यांनी हा फरक एका तासाच्या प्रवासात पाहिलेला असेल. महाबळेश्वरपासून वाई जेमतेम ३० किलोमीटरवर, पण घाट उतरून वाईला आलो की पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत येतो, आणि बसच्या खिडकीतून दिसणारी माती तांबडीची करडी, आणि करडीची काळी होत जाते. दगड मात्र सगळ्या वाटेवर तोच असतो.

बेताचा पाऊस आणि पाण्याला निचरा कमी, अशा ठिकाणी दगडातून सुटलेले चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका हे घटक जागेवरच राहतात आणि त्यांच्यापासून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. तिचे कण पुस्तकाच्या पानांसारखे असतात. पानांमध्ये पाणी शिरले की ती फुगते. आपल्या शेतातल्या ढेकळांत चुनखडीचे जे पांढरे खडे सापडतात, ते याच न वाहून गेलेल्या चुन्याचे. घाटातला धो धो पाऊस मात्र चुना आणि सिलिका धुऊन समुद्राला पोचवतो, आणि मागे राहतात लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आणि केओलिनाइट नावाची, न फुगणारी चिकणमाती. तांबडा रंग लोहाचा. ही माती आम्लधर्मी असते, आपली अल्कलीकडे झुकणारी.

या रसायनाचा परिणाम पायाखाली जाणवतो, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक बोलतो. घाटातल्या त्या तांबड्या मातीत चिकणमातीचे प्रमाण आपल्या काळ्या मातीइतके असू शकते, आणि तरीही दोघींची पाण्याशी वागणूक अगदी उलटी असते. काळी माती ओली झाली की तिच्या भेगा मिटतात, वरून पाणी साचते आणि सोयाबीनच्या शेतात चार दिवस पाय ठेवता येत नाही. तांबड्या मातीत लोहाच्या ऑक्साइडांनी चिकणमातीचे कण बारीक, टिकाऊ दाण्यांत बांधलेले असतात. हातावर घेऊन चुरली तर रवाळ लागते. त्या दाण्यांमधल्या पोकळ्यांतून, गांडुळांच्या आणि खेकड्यांच्या बिळांतून, कुजून गेलेल्या मुळांच्या नळ्यांतून पाणी सरळ खाली उतरते. म्हणूनच घाटातल्या दाट जंगलात कोसळत्या पावसातही जमिनीवरून धावणारे गढूळ पाणी फार कमी दिसते. पाणी वरून धावत नाही म्हणून माती धुपत नाही, आणि धुपत नाही म्हणून ती खोल होत जाते. उतारावरच्या खोल मातीचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर डोंगराच्या घडणीत आहे. लाव्ह्याचे सगळे थर सारखे टणक नसतात. घट्ट थरांचे उभे कडे होतात आणि त्यांवर माती टिकतच नाही. मधले सच्छिद्र, फुगीर थर लवकर झिजतात, त्यांच्या तिरप्या पायऱ्या होतात, आणि जंगल व माती या पायऱ्यांच्या आधाराने बसलेली असतात. भूशास्त्रज्ञ या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. माती सपाट जागी खोल आणि उतारावर उथळ, हा आपला नेहमीचा हिशेब. तो साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर उलटा होतो. पठार सपाट आहे, पण त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे कठीण कवच आहे आणि त्यावर माती जेमतेम काही सेंटिमीटर. पावसाळ्यानंतर फुलणारी ती प्रसिद्ध रानफुले एवढ्याशा मातीवरच जगतात, मोठी झाडे तिथे उभी राहत नाहीत. आणि पठाराची कड ओलांडून खाली उतरू लागलो, की जांभूळ, अंजनी, हिरड्याचे जंगल आणि पायाखाली मऊ, खोल माती. उलट आपल्या सिमरोलच्या घाटात विंध्याचा उतार आहे, तोच दगड आहे, सागाचे जंगलही आहे; पण समुद्र दूर आहे, पाऊस बेताचा आहे, वर्षातले सात-आठ महिने कोरडे जातात, आणि तिथल्या उतारावर काठी रोवली तर बहुधा वीतभरातच दगडाला लागते. तेव्हा खोल माती हवी असेल तर नुसता उतार, नुसता दगड किंवा नुसते जंगल पुरत नाही. हान्स जेनी या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मातीच्या घडणीमागे हवामान, जीवसृष्टी, भूरचना, मूळ खडक आणि काळ असे पाच घटक मांडले. समुद्राकाठच्या डोंगरात पहिले दोन इतके जोरात असतात, की तिसऱ्याला माघार घ्यावी लागते.

आता त्या मातीच्या अगदी वरच्या थराकडे येतो, आणि इथे इंदूरचा संबंध अनपेक्षितपणे येतो. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते, आणि काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत त्यांनी बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. त्यांच्या विचारापुढे नमुना होता जंगलाच्या जमिनीचा : तिथे पालापाचोळा वरून पडतो, प्राण्यांची विष्ठा त्यात मिसळते, आणि कोणी न उकरता, न हलवता त्याचे खत होत राहते. घाटातल्या जंगलात मृगापासून पुढे हे काम इतके झपाट्याने चालते, की उन्हाळ्यात घोट्यापर्यंत असलेला पाला पावसाळ्याच्या शेवटी जागोजाग विरून गेलेला दिसतो. त्याखाली वीतभर काळपट, भुसभुशीत थर, आणि त्याच्याखाली एकदम तांबडी माती.

या वीतभर थरावरच जंगलाचा संसार आहे, आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. माती दोन मीटर खोल आहे म्हणजे ती दोन मीटर सुपीक आहे, असा समज माळव्यात वाढलेल्या माणसाचा सहज होतो, कारण आपल्याकडे खोली म्हणजेच पीक. घाटातल्या तांबड्या मातीत खालच्या थरांतला स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमने धरून ठेवलेला असतो, चुना धुतला गेलेला असतो, आणि झाडांचे अन्न बहुतांशी त्या वरच्या काळपट थरात आणि खुद्द झाडांच्या अंगात असते. झाडे तोडून उतारावर नाचणी-वरी पेरली, तर पहिली दोन-तीन पिके बरी येतात आणि मग जमीन थकते. म्हणूनच अशा वरकस जमिनी काही वर्षे पिकवून पुढे पडीक टाकण्याची तिकडची जुनी वहिवाट होती. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी ही माती एकदा तपासून पाहावी, असे मला नेहमी वाटते.

‘राहते’ या शब्दाबद्दल मी सुरुवातीला शंका घेतली होती. उतारावरची माती खरे तर मुक्कामाला नसते, ती प्रवासात असते. खाली दगड कुजून नवी माती तयार होते, तीही फार मंदपणे, हजार वर्षांत काही सेंटिमीटर या हिशेबाने. आणि वर असलेली माती ओली होऊन, सुकून, मुळांनी ढकलली जाऊन, वादळात उन्मळलेल्या झाडाबरोबर उपसली जाऊन तसूतसूने खाली सरकते. खालच्या अंगाला बुंध्याशी वाकलेली आणि मग सरळ झालेली झाडे हे या सरकण्याचे एक लक्षण मानतात. ही माती पाण्याने निवडलेली नसते, म्हणून तिच्यात बारीक कणांपासून डोक्याएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळे एकत्र कालवलेले असते. नदीकाठच्या गाळातली शिस्त तिच्यात शोधू नये. ती साचते दोन सोंडांच्या मधल्या घळीत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील किनारी डोंगररांगेत अशा घळींचा बारकाईने अभ्यास झाला आहे : सोंडेवर माती पातळ, घळीत काही मीटर, आणि तळाशी सापडलेल्या कोळशाच्या वयावरून दिसते, की ती भरायला काही हजार वर्षे लागली. मग एखाद्या पावसाळी रात्री सगळी घळ एकदम रिकामी होते, आणि भरण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ज्या गुणामुळे ही माती खोल होते, तोच तिच्या कोसळण्याला कारण होतो. पाणी सरळ आत मुरते हे मघाशी कौतुकाने सांगितले. पण ते खाली न मुरणाऱ्या दगडाशी जाऊन अडले आणि वरून पाऊस थांबेना, तर पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मातीचे कण एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद गमावतात. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाच्या निम्म्याहून अधिक. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यातले तळिये दरडीखाली गेले. त्याआधी ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण, त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. उघड्या कड्यावरून धोंडे पडतात, पण गावावर येणारा चिखलाचा लोंढा खोल मातीच्या उतारावरूनच येतो.

झाडे हे थांबवतात का? एका मर्यादेपर्यंत. मुळे खालच्या दगडाच्या फटींत शिरली असतील, तर ती मातीला खिळे ठोकल्यासारखी धरतात. माती मुळांच्या आवाक्यापेक्षा खोल असेल, तर घसरण्याची पातळी मुळांच्या खालून जाते आणि जंगलासकट उतार खाली येतो. असे घडल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा जंगल आहे म्हणून निर्धास्त राहणे बरोबर नाही. मात्र जंगल तोडल्यानंतरचा धोका निराळा आणि कपटी आहे. तोडलेल्या झाडाची मुळे लगेच सुटत नाहीत. ती काही वर्षे मातीला धरून असतात, मग कुजतात, आणि तोवर नवी रोपे पुरेशी मोठी झालेली नसतात. तोडीचा हिशेब त्यामुळे तोडीच्या वर्षी समोर येत नाही, आणि तो येतो तेव्हा लोक फक्त पावसाकडे बोट दाखवतात. उतारात आडवा रस्ता काढून खालचा आधारच कापला असेल, तर इतकी वर्षेही थांबावे लागत नाही.

पावसाळ्यात घाटात थांबू नये. पण दिवाळीनंतर तिकडे जाणे झाले, तर आंबेनळीच्या किंवा पसरणीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीसमोर, रहदारी सांभाळून, दहा मिनिटे उभे राहावे. मागे जंगल असेल तिथे वर वीतभर काळपट पट्टी दिसेल, मग धोंडे कालवलेली तांबडी माती, मग पिवळसर मुरूम. त्या मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे अडकलेले दिसतील. खाली गळून पडलेला एखादा गोटा उचलून पापुद्रे हाताने सोलत गेलो, तर मधे लिंबाएवढा, नखाने ओरखडा न उठणारा भाग उरतो. तो फोडला की आतून निघतो काळा, ताजा पाषाण, आपल्याकडे विहीर खणताना शेवटी लागतो तोच.

नमस्कार.