स्कॉटलंडच्या कोळी गावांतली घरं समुद्राकडे तोंड का करत नाहीत?

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर दिसतंय ते क्रोव्ही. तिथले लोक त्याला क्रिव्ही म्हणतात. हे गाव स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीनच्या वरच्या अंगाला आहे. मागे उभा कडा, पुढे मरे आखात आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरांची एकच ओळ. गावात गाडी शिरतच नाही. ती टोकाला लावायची आणि किराणा ढकलगाडीवर घालून घरी न्यायचा.

आता घरं नीट बघा. समुद्र दारात आहे, पण बहुतेक घरांनी पाण्याकडे आपली आखूड बाजू केलीय, ती त्रिकोणी माथ्याची जाड भिंत. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की लाट थेट भिंतीवर येते. मग लाटेसमोर जितकी कमी भिंत, तितकं घर सुरक्षित. फोटोत जे देखणं दिसतं, ते जीव वाचवायला केलेलं आहे. मला ही गावं आवडतात ती यासाठीच.

मुळात हे लोक इथे हौसेनं आले नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदारांना मेंढ्यांसाठी जमीन हवी होती. आतल्या भागातली कुळं उठवली गेली, किनाऱ्यावर आली आणि जमीनदारांच्याच होड्यांवर मासेमारी करू लागली.

मग आला हेरिंग, आपल्या तारलीच्या कुळातला मासा. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्याचं सगळं अर्थकारण त्याच्याभोवती फिरत होतं. खारवलेला हेरिंग पिंपांत भरून जर्मनीला, रशियाला जायचा. होड्या पुरुषांच्या, पण धंदा उभा होता तो बायकांच्या हातांवर, आणि हे फार कमी सांगितलं जातं. तिघींची एक टोळी असायची. दोघी मासा चिरून आतडी काढायच्या, तिसरी पिंपात माशांचा थर, मिठाचा थर रचायची. सुरी लागू नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या असत. तरी सुरी लागायचीच, आणि त्या जखमेत मीठ जायचं. हेरिंगचे थवे दक्षिणेला सरकायचे तशा या मुली उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून इंग्लंडमधल्या यार्मथपर्यंत बोटीनं आणि आगगाडीनं जायच्या. हातातलं काम संपलं की विणकाम सुरू. 1936 साली यार्मथला त्यांनी मजुरीसाठी संपही केला.

गावं लहान, लग्नं आसपासच्या घरांतच, त्यामुळे आडनावं मोजकीच. याच किनाऱ्यावरच्या बकी आणि फिंडॉख्टी गावांच्या भागात स्मिथ, काउई, फ्लेट हीच परत परत भेटतात. एकाच गावात त्याच नावाचे चार-पाच जण असले तर पत्र कुणाचं, देणं कुणाचं? म्हणून घराण्यागणिक एक टोपणनाव असायचं. त्याला ते टी-नेम म्हणतात. ही नावं नुसती गप्पांपुरती नव्हती, सरकारी नोंदींतही लिहिली जायची.

पहिल्या महायुद्धानंतर आणि रशियन क्रांतीनंतर खारवलेल्या माशाचे मोठे गिऱ्हाईकच गेले. धंदा खचत गेला. क्रोव्हीवर शेवटचा घाव बसला तो 31 जानेवारी 1953 च्या वादळात. काही बांधकामं वाहून गेली, अनेक कुटुंबांनी गाव सोडलं. रिकामी घरं पुढे सुट्टीसाठी येणाऱ्यांची झाली.

इथे मला स्पष्ट बोलायचंय. घर वर्षातून काही आठवडे उघडतं, पण गाव बारा महिने चालावं लागतं. शाळेला मुलं लागतात, दुकानाला रोजचं गिऱ्हाईक लागतं. एप्रिल 2024 पासून स्कॉटलंडमधल्या स्थानिक कौन्सिलांना दुसऱ्या घरांवर, म्हणजे राहत्या घराशिवाय घेतलेल्या घरांवर, दुप्पट कर लावता येतो. मला हे योग्यच वाटतं. त्या भिंती वर्षभर राहणाऱ्या माणसांसाठी बांधल्या होत्या.

तुम्ही जाणार असाल तर क्रोव्ही बघून पश्चिमेला कलनपर्यंत जा. तिथलं कलन स्किंक, म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दुधाचं दाट सूप, त्याच गावात बसून खा.