उघडता येईल असा जोड

(दृश्य : गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली सरसाची वाटी. शेजारी ब्रश आणि थर्मामीटर.)

हा सरस. जनावराच्या कातड्यापासून काढलेला, दाणेदार, मधाच्या रंगाचा. रात्री थंड पाण्यात भिजत घातलेला, सकाळी दुहेरी भांड्यात तापवलेला. पारा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिला पाहिजे. उकळी फुटली की पकड गेली, मग तो फेकायचाच.

व्हायोलिन बनवणाऱ्याच्या टेबलावर सरस दोन तऱ्हांचा असतो. दाट सरस मानेच्या सांध्याला, आतल्या ठोकळ्यांना आणि पाटीच्या मधल्या जोडाला. पातळ सरस वरची पाटी बाजूच्या पट्ट्यांवर बसवायला. हा जोड मुद्दाम कच्चा ठेवतात. ज्या पाटीवर तारांचा सगळा भार येतो, तीच हलक्या हाताने चिकटवलेली. असं का, ते समजलं की व्हायोलिनची निम्मी कारागिरी समजते. आणि पुण्यात राहणाऱ्याने तर ते समजून घ्यायलाच हवं.

(दृश्य : भिंतीवरचा आर्द्रतामापक. खिडकीबाहेर मे महिन्यातली दुपार.)

एप्रिल-मेमध्ये पुण्याची दुपार कोरडी ठणठणीत असते. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या घरात उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ८० टक्क्यांच्या वर जाते आणि आठवडेच्या आठवडे तिथून हलत नाही. लाकूड हा ओलावा घेतं आणि सोडतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत ते जवळपास स्थिर असतं. रेषेला आडवं मात्र फुगतं आणि आक्रसतं.

वरची पाटी खालच्या फुगीर भागात साधारण २०५ मिलिमीटर रुंद. कडक उन्हाळ्यात ती रुंदीला मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी होऊ पाहते. तिच्याखालच्या पट्ट्यांची रेषा मात्र काठाकाठाने, त्यांच्या लांबीतूनच जाते; त्या आक्रसत नाहीत. पाटीला आत यायचंय आणि पट्ट्या येऊ देत नाहीत. या ओढाताणीत काहीतरी सुटणारच. जोड कच्चा असेल तर काठाचा सरस सुटतो, दोन-तीन इंचांची फट पडते. जोड पक्का असेल तर पाटीच चिरते. ती चीर साउंडपोस्टच्या, म्हणजे पाटीखाली आत उभ्या असलेल्या काडीच्या, बरोबर वर पडली तर पाटी काढून आतून लाकडाचं ठिगळ बसवावं लागतं, आणि वाद्याची किंमत कायमची उतरते.

काठ सुटलाय का, ते घरीच कळतं. वाद्य कानाशी धरायचं आणि बोटाच्या पेराने काठाकाठाने हलकेच ठोकत जायचं. जोड घट्ट असेल तिथे आवाज भरीव येतो, सुटला असेल तिथे फसका, थरथरता. कारागीर त्या फटीत पातळ पातं सरकवतो, गरम सरस आत सोडतो, बाहेर आलेला कोमट पाण्याच्या फडक्याने पुसतो आणि लाकडी चकत्यांचे क्लॅम्प लावून रात्रभर ठेवतो. एवढंच. पण तिथे आधी कुणी सुतारकामाचा पांढरा गोंद घातलेला असेल, तर सरस धरत नाही. गोंदाचा कण न् कण खरवडावा लागतो, त्याबरोबर लाकूडही जातं. व्हायोलिनच्या घरगुती दुरुस्त्यांमध्ये याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

(दृश्य : फळ्यांचा ढीग. फळीवर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा आणि वजनं.)

वरची पाटी स्प्रूसची. पाठ, पट्ट्या आणि मान मेपलची. फिंगरबोर्ड, म्हणजे ज्यावर बोटांनी तारा दाबतात ती पट्टी, आबनुसाची. इटलीतल्या क्रेमोना गावात १६ व्या शतकात आंद्रेआ आमातीने जी पद्धत बसवली, तिच्यातली पाटी आणि पाठीच्या लाकडाची निवड अजून बदललेली नाही. तिथले कारागीर आजही आल्प्समधल्या फिएमे खोऱ्यातला स्प्रूस आणतात. क्रेमोनाच्या या कारागिरीची युनेस्कोने २०१२ साली अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

पाटीसाठी ओंडका फाडून पाचरी काढतात. फाडलेलं लाकूड आपल्याच रेषेने सुटतं, त्यामुळे तंतू मध्येच तुटत नाहीत. दोन पाचरींच्या जाड कडा रंध्याने सरळ करून एकमेकींना जुळवायच्या, जोड दिव्यासमोर धरायचा. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा रंधा. हे लाकूड निदान पाच वर्षं मुरलेलं हवं, आणि बाहेरून मुरून आलं तरी इथले दोन-तीन पावसाळे त्याने याच खोलीत काढावेत. म्हणून फळीवर वजन लिहिलेलं असतं. यंदाच्या मेमधलं वजन गेल्या मेशी जुळलं, की फळी हत्याराखाली घ्यायची.

(दृश्य : तापलेल्या लोखंडावर वाकणारी मेपलची पट्टी. हलकी वाफ.)

बाजूच्या पट्ट्या १ मिलिमीटर जाडीच्या. पाण्याचा हात लावून, सुमारे २०० अंशांवर तापलेल्या लोखंडावर दाबत वाकवायच्या. मेपलमध्ये जे सुंदर आडवे पट्टे दिसतात, तिथे तंतू नागमोडी असतात आणि नेमकी तिथेच पट्टी मोडते. घाई केली, पाणी जास्त झालं, जाडी कुठे पाव मिलिमीटर वाढली, तर मोडणार. वाकलेल्या पट्ट्या आतल्या साच्याभोवती सहा ठोकळ्यांना चिकटवतात. ठोकळे विलोचे, म्हणजे क्रिकेटच्या बॅटचंच लाकूड. हलकं आणि कोरायला मऊ.

मग पाट्या. आधी बाहेरचा फुगवटा, गोल पटाशीने, मग बोटभर रंध्यांनी, शेवटी पोलादी पात्याने खरवडून. पॉलिश पेपर शक्यतो नाही. त्याची पूड तंतूंत बसते आणि व्हार्निशखाली लाकूड मळकट दिसतं. बाहेरचा आकार ठरला की आतून पोखरायला सुरुवात. वरची पाटी अडीच ते तीन मिलिमीटर, पाठ मध्यभागी साडेचार आणि कडेला अडीचच्या आसपास. इथे दर काही मिनिटांनी कॅलिपर लागतो, आणि त्याहून जास्त लागतात बोटं. कारागीर पाटी दोन्ही हातांत धरून हळूच पिळून पाहतो, अंगठ्याने टकटक करून ऐकतो. मोजमाप तेच ठेवलं तरी ताठ लाकूड पातळ करावं लागतं आणि मऊ लाकूड थोडं जाड सोडावं लागतं. म्हणून नामांकित वाद्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून तो आवाज येत नाही.

काठापासून ४ मिलिमीटर आत जी काळी-पांढरी-काळी रेघ दिसते, ती रंगवलेली नसते. सव्वा मिलिमीटर रुंदीची खाच कापून तिच्यात तीन थरांची पट्टी बसवलेली असते. काठाला आपटून चीर पडली तर ती सहसा या पट्टीपाशी थांबते. स्वस्त वाद्यात रेघ नुसती रंगवतात, आणि चीर सरळ आत जाते.

(दृश्य : उजव्या बाजूच्या एफ-होलमधून, म्हणजे पाटीतल्या f आकाराच्या भोकातून, आत जाणारं वाकडं पोलादी हत्यार. टोकाला लाकडाची छोटी काडी.)

साउंडपोस्ट. स्प्रूसची ६ मिलिमीटर जाडीची काडी, कशालाच न चिकटवलेली. पाटी आणि पाठ यांच्यामध्ये केवळ दाबाने उभी. जागा ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या, उजव्या पायाच्या दोन-तीन मिलिमीटर मागे. तिची दोन्ही टोकं आतल्या उताराला तंतोतंत लागली पाहिजेत. ती बघायला दाताच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा वापरतात. काडी लांब झाली तर पाटी आतून रेटली जाते, आवाज कोंडतो, पुढे चीर. आखूड झाली तर हवा बदलताच पडते. अर्धा मिलिमीटर सरकवली तरी पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेचा तिखटपणा कमी-जास्त होतो. चारही तारा एकदम काढल्या तर दाब जातो आणि ती आडवी होते. तारा बदलताना म्हणूनच एकेक बदलायची.

डाव्या पायाखाली, आतल्या बाजूने, साधारण २७० मिलिमीटर लांबीची लाकडी पट्टी, म्हणजे बासबार, चिकटवलेली असते. चारही तारांचा एकूण ताण २२ किलोच्या आसपास, त्यातला आठ-नऊ किलो ब्रिजमार्गे पाटीवर उभा दाबतो. ही सगळी गणितं पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या तारांची. पुण्यातलं व्हायोलिन बहुतेक वेळा तसं लागत नाही.

(दृश्य : मांडी घालून बसलेला वादक. वाद्याचं टोक पावलापाशी टेकलेलं.)

पं. व्ही. जी. जोग, पं. गजाननराव जोशी, पं. डी. के. दातार, या वादकांनी महाराष्ट्राच्या मैफिलीत हे वाद्य रुजवलं. हिंदुस्थानी संगीतात तारा पुष्कळदा प-सा-प-सा लावतात. सा पांढरी दोनला, म्हणजे पाश्चात्त्य ‘डी’ स्वराला, धरला तर मधल्या दोन तारा मूळच्याच जागी राहतात, चौथी एक स्वर चढते आणि पहिली एक स्वर उतरते. एक स्वर चढलेल्या तारेचा ताण सव्वापट होतो. उतरलेल्या तारेचा सुमारे एक पंचमांशाने घटतो. म्हणजे बासबारच्या बाजूचा भार वाढला आणि साउंडपोस्टच्या बाजूचा कमी झाला. दुकानातून आणलेलं वाद्य असं लावलं की पहिली तार सैल, बसक्या आवाजाची वाटते आणि चौथी ताठरते. वाद्य वाईट आहे असा समज होतो. दोष वाद्याचा नसतो. पहिली तार जाड गेजची, चौथी हलक्या गेजची घ्यायची, आणि त्या तारांवर साउंडपोस्ट नव्याने जमवून घ्यायचा.

मींड आणि घसीट, म्हणजे तारेवर बोट घसरवत स्वर जोडणं, यांमुळे फिंगरबोर्डही वेगळा झिजतो. तारांखाली लांबलचक चऱ्या पडतात, तार तिथे झणझणते. काही वादक बोटांना खोबरेल तेलाचा हात लावतात. ते तेल गजाच्या केसांना लागलं की केस तार धरत नाहीत. आबनूस रंध्याने पुन्हा तासावा लागतो, आणि तासताना तो लांबीत किंचित खोलगट ठेवायचा : पहिल्या तारेखाली अर्धा मिलिमीटर, चौथीखाली पाऊणच्या पुढे. अगदी सपाट ठेवला तर तार थरथरताना मध्येच टेकते.

(दृश्य : जुनी पेटी उघडते. वाद्याच्या पोटात छापील लेबल.)

पुण्यातल्या जुन्या घरांत आजोबांचं व्हायोलिन निघतं आणि आत लेबल दिसतं : ‘अँटोनिअस स्ट्रॅडिव्हेरिअस, क्रेमोना’. घरात खळबळ. आंतोनिओ स्त्रादिवारी १७३७ साली गेला, आणि त्याची सुमारे साडेसहाशे वाद्यं आज टिकून आहेत. त्याच्या नावाची लेबलं मात्र जर्मनी आणि बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) कारखान्यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखोंनी चिकटवली. ते नमुन्याचं नाव होतं, कर्त्याचं नव्हे. खाली ‘मेड इन जर्मनी’ छापलेलं असेल तर शंकाच उरत नाही. तो शिक्का ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर रूढ झाला. पण लेबल खोटं म्हणून वाद्य टाकाऊ नसतं. त्यातल्या कित्येकांचं लाकूड उत्तम आहे. बासबार, साउंडपोस्ट आणि ब्रिज नीट बसवले तर ती मैफिलीत उभी राहतात. आणि पाटी सरसाने जोडलेली असल्यामुळेच ती उघडून हे करता येतं.

(दृश्य : दोरीला टांगलेलं पांढरं, व्हार्निश न झालेलं व्हायोलिन.)

व्हार्निश थरांवर थर, प्रत्येक थर पातळ. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं व्हार्निश पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लावू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पांढुरकी झाक येते. तेलाचं व्हार्निश सावकाश वाळतं, त्यावर धूळ बसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्हींसाठी बरा. जाड थर चकाकतो छान, पण पाटी जड होते आणि आवाज दबतो.

एका व्हायोलिनला दोनशेहून जास्त तास लागतात. ते हातात देताना चांगला कारागीर दोन ब्रिज देतो. पावसाळ्यात पाटी फुगून वर येते, तारा फिंगरबोर्डपासून उंच होतात; तेव्हा अर्धा मिलिमीटर बुटका ब्रिज. उन्हाळ्यात पाटी बसते, तेव्हा उंच ब्रिज. फिंगरबोर्डच्या टोकाशी पहिल्या तारेखाली साडेतीन आणि चौथीखाली साडेपाच मिलिमीटर हे माप दोन्ही ऋतूंत राखायचं. ब्रिजची मागची बाजू पाटीशी काटकोनात हवी. तारा चढवताना त्याचा माथा पुढे ओढला जातो, म्हणून खाचांत पेन्सिलीचं शिसं घासायचं आणि दर आठवड्याला तो सरळ करायचा. खुंट्या पावसाळ्यात अडकतात, उन्हाळ्यात सुटतात : अडकल्या तर साबण, सुटल्या तर खडू. पहिली तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी ऑक्टोबरात.