चार वर्षांची डिग्री, आठ वर्षांचा उपग्रह

(दृश्य : श्रीहरिकोटा, प्रक्षेपण)

२२ जून २०१६ची सकाळ. पीएसएलव्ही-सी३४ यान झेपावलं, पोटात २० उपग्रह घेऊन. त्यांतला एक जेमतेम किलोभराचा, प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर. नाव ‘स्वयम्’. बनवणारे पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी.

काम सुरू झालं होतं २००८च्या सुमाराला. हिशेब घाला : डिग्री चार वर्षांची, उपग्रहाला लागली आठ. पहिली रेघ ओढणारे केव्हाच नोकरीला लागलेले. त्याच सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, त्याचंही तेच. मग मधल्या बॅचच्या पोरांना कळायचं कसं, की आधीच्यांनी हे असं का केलंय? त्यासाठी लागते रोजच्या कामाची वही.

(दृश्य : रॉड आणि चुंबक, जवळून)

‘स्वयम्’मध्ये दिशा धरायला ना चक्रं, ना इंधन. आतला कायमचुंबक होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो आणि हिस्टेरेसिस रॉड, म्हणजे चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या, उपग्रहाचं डोलणं हळूहळू शमवतात. ड्रॉइंगमध्ये रॉड कुठे बसवायचा ते दिसतं. तिथेच का, ते दिसत नाही. सिनियरने कारण लिहून ठेवलं नसेल, तर एखादा ज्युनियर ‘इथे जागा मिळतेय’ म्हणून अशा रॉडला चुंबकाच्या शेजारी सरकवून मोकळा होईल. तिथे रॉड त्या चुंबकानेच भरून जातो, डोलणं शमवायचं त्याचं बळच संपतं. आणि हे वर गेल्यावर कळून काय उपयोग?

(दृश्य : कॉलेजबाहेरचं झेरॉक्सचं दुकान)

काम लिहून ठेवायची आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे ब्लॅक बुक, प्रोजेक्टचा बांधीव रिपोर्ट. शेवटच्या सेमिस्टरचे शेवटचे आठ दिवस, दुकानात रांग, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, गाईडची सही. त्यात सगळं कसं सुरळीत घडलेलं असतं. जळालेला बोर्ड नाही, मोडीत काढलेलं डिझाइन नाही. मार्क ब्लॅक बुकलाच मिळतात म्हटल्यावर पोरांना तरी काय बोलणार!

कामाची वही वेगळी. पानांवर आधीच नंबर. पेन्सिल नाही, पेन. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

(दृश्य : वहीचं पान, नमुना नोंद)

‘ट्रान्समीटर चालू केला की बोर्ड रीसेट होतोय. बॅटरी ठीक. स्कोपवर व्होल्टेज क्षणभर पडताना दिसलं. मोठा कपॅसिटर लावला, थांबलं. उद्या थंड करून पुन्हा बघायचं.’

खाली तारीख, सही. लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पुढे कधीतरी वजन कमी करायची वेळ येते, आणि नव्या टीममधला कुणी हा कपॅसिटर ‘उगाच लावलाय’ म्हणून काढायला निघतो. त्याला हे पान सापडलं पाहिजे.

म्हणून वही घरी न्यायची नाही. ती लॅबच्या कपाटात, आणि पास आउट होताना किल्ली ज्युनियरकडे.