आई परत कधी येणार?

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून किल्लारी परिसर नुकता कुठे निजला होता. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. भूकंपात तेच अंगावर आलं. हजारो माणसं गेली. पुढे भारतीय जैन संघटनेनं तिथली सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली.

अशा वेळी लहान मूल एकच प्रश्न दहादा विचारतं. आई परत कधी येणार?

"गावाला गेलीय." "झोपलीय." मोठी माणसं हे मायेनंच सांगतात. पण पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल शब्द जसाच्या तसा धरतं. मग ते स्वतः झोपायला घाबरतं, नाहीतर दाराशी वाट बघत बसतं. मला का नेलं नाही, म्हणून आतल्या आत झुरतं.

म्हणून आजी, मामी, ज्याचा लळा असेल त्या माणसानं मुलाशेजारी बसावं. "भिंत पडली. आईला फार लागलं. ती वारली. म्हणजे तिचा श्वास थांबला. तिला आता दुखत नाही, पण ती परत येणार नाही. मी तुझ्याजवळ आहे." एवढंच. मग गप्प राहावं. मूल रडेल, किंवा उठून खेळायला पळेल. बघणाऱ्याला ते लागतं, पण मुलं दुःख घोटाघोटानं पितात. उद्या पुन्हा विचारेल. पुन्हा हेच शब्द.

मी हट्ट केला म्हणून आई गेली का? हा प्रश्न बहुतेकदा ओठांवर येतच नाही. तो विचारण्याची वाट न बघता सांगा, "तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही."

आठ वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. रागावू नका, चादर बदला. खेळात ते घर रचतं आणि पाडतं. पाडू द्या. रोज सगळेच गाडले जात असतील, तर शेजारी बसून विचारा, "आता मदतीला कोण येतंय?"

भूकंपानंतर हादरे बसत राहतात. "आता काही होणार नाही" हे वचन पुढच्याच हादऱ्याला मोडतं आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो. त्यापेक्षा मोकळी जागा दाखवा, तिथवर दोनदा चालत जा. छाती धडधडली तर फूल हुंगल्यासारखा श्वास घ्यायचा, गरम दुधावर घालतात तशी लांब फुंकर सोडायची. पाच वेळा, तुम्हीही सोबत.

काय पाहिलंस, असं कॅमेऱ्यासमोर तर नाहीच, घरातही खोदून विचारू नका. महिना उलटूनही झोप, खाणं, शाळा रुळावर येत नसेल, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मूल स्वतः मरायची भाषा बोललं, तर एक दिवसही थांबू नका.