रॅकूनला उभं राहायला जागा देऊ नका

(न्यू जर्सीतल्या मराठी बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रॅकून हा मांजरापेक्षा थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी भारतात नाही, त्यामुळे आपली त्याच्याशी ओळख होते ती इकडे आल्यावर, आणि बहुधा कचऱ्याच्या डब्यापाशी. कॅनडातल्या टोरोंटो शहराने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे नवे, खिट्टीचे डबे वाटले, ते याच्याच हातांमुळे. त्या हातांना परसातलं तळं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. त्या तळ्यातले मासे रॅकूनपासून कसे वाचवायचे, ते आज सांगतो.

मासे गेले की आधी चोर ओळखा, कारण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा. बगळा येतो उजेडात, पहाटे किंवा दिवसा. तो मासा अख्खा गिळतो आणि मागे काही पसारा ठेवत नाही. निसटलेल्या माशाच्या पाठीवर चोचीची भोसकलेली जखम दिसते. मिंक हा मुंगसासारखा लांबट प्राणी एका रात्रीत गरजेपेक्षा जास्त मासे मारतो आणि साठवून ठेवतो. रॅकून मात्र घर विस्कटून जातो. कुंड्या आडव्या, पाण्यातल्या लिलीची पानं फाटलेली, काठचे दगड सरकलेले, काठावर खवले आणि अर्धवट खाल्लेला मासा. चिखलात पाच बोटांचे, तान्ह्या बाळाच्या हातासारखे ठसे दिसले की शंका उरत नाही. बगळ्यासाठी बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या रॅकूनला अडवत नाहीत, हे सुरुवातीलाच सांगतो.

आता तो मासा पकडतो कसा, ते नीट पाहू. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘लोटर’चा अर्थ धुणारा, आणि तो अन्न धुऊन खातो अशी समजूत त्यातूनच पसरली. प्रत्यक्षात तो पाण्यात हाताने चाचपत असतो. त्याच्या पुढच्या पंजांचा स्पर्श विलक्षण तीव्र आहे आणि ओल्या त्वचेवर तो आणखी वाढतो. त्याला पोहता उत्तम येतं, पण पोहता पोहता मासा धरणं त्याला जमत नाही, कारण तेव्हा हात पोहण्यात गुंतलेले असतात. त्याला मासेमारीसाठी पायाखाली काहीतरी हवं: उथळ पाणी, पायरी, कुंडी, दगड. माझं आजचं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे.

तळ्याचे तयार संच विकतात त्यांत काठालगत ८ ते १२ इंच खोलीचा टप्पा असतो, पाणवनस्पतींच्या कुंड्या ठेवण्यासाठी. नेमकी हीच रॅकूनची बसायची जागा. नवं तळं खोदत असाल तर हा टप्पा ठेवूच नका. भिंती सरळ उभ्या उतरवा आणि खोली किमान ३ फूट ठेवा. काठावर सपाट फरशा बसवून त्या पाण्यावर ६ इंच पुढे काढा आणि चुन्या-सिमेंटने पक्क्या करा. सुट्या फरशा तो ढकलून पाण्यात पाडतो, त्यात लायनर, म्हणजे तळ्याचं पाणी धरणारं अस्तर, फाटतं. एक सावधगिरी: काही टाउनशिपमध्ये २ फुटांपेक्षा खोल पाण्याला पोहण्याच्या तलावाचे नियम लागतात, कुंपण करावं लागतं. खोदण्यापूर्वी बांधकाम कार्यालयात विचारा. आणि सरळ भिंतीच्या तळ्यात पडलेल्या चिपमंकला, म्हणजे खारीसारख्या छोट्या प्राण्याला, वर येता यावं म्हणून एखादी अरुंद फळी तिरकी टेकवून ठेवा.

तयार तळ्यात मोडतोड न करताही बरंच करता येतं. लिलीच्या कुंड्या टप्प्यावरून उचलून तळाशी ठेवा. दीड-दोन फूट पाणी लिलीला चालतं. मोकळा टप्पा मोठ्या गोट्यांनी पाण्याच्या वर येईपर्यंत भरून टाका. रॅकून त्या गोट्यांवर उभा राहील, पण तिथून पुढे एकदम खोल पाणी असल्यामुळे मासे त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर खाली जातात. धबधबा असेल तर तोही तपासा. धबधब्याच्या पायऱ्या म्हणजे पाण्यात उतरायचा जिनाच, आणि सर्वांत खालची पायरी बहुतेक जण विसरतात.

दुसरी गरज माशांना लपायच्या जागेची. ६ ते ८ इंच व्यासाचा, ३ फूट लांबीचा पीव्हीसी पाइप तळाशी आडवा ठेवा. दोन्ही तोंडं उघडी हवीत, नाहीतर आत घाण साचते आणि घाबरलेला मासा कोंडला जातो. कापलेल्या कडा कानसून घ्या, नाहीतर कोईच्या (तळ्यात पाळतात त्या रंगीत माशाच्या) अंगाला ओरखडे पडतात. पाइपाखाली लायनरचा जाड तुकडा घाला. सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरणार असाल तर ते नवेकोरे टाकू नका. त्यातला चुना पाण्याचा पीएच चढवतो. बाहेर पिंपात काही आठवडे पाणी बदलत मुरवा, मगच तळ्यात सोडा.

यानंतर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे विजेचं कुंपण. महाराष्ट्रात रानडुकरांसाठी शेतकरी जे झटका मशीन लावतात, तेच तत्त्व. तळ्याभोवती दोन तारा, पहिली जमिनीपासून ६ इंचांवर, दुसरी १२ इंचांवर. यंत्र कुंपणासाठी बनवलेलंच घ्या, घरातली वीज थेट तारेत कधीही सोडू नका. संध्याकाळी चालू, सकाळी बंद. ते निकामी ठरतं तेव्हा दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो: सळई ६ फूट खोल जायला हवी, आणि घराच्या अर्थिंगपासून निदान ३० फूट लांब. ऑगस्टमध्ये माती कोरडी पडली की झटका मंदावतो, तेव्हा सळईभोवती पाणी घाला. दुसरा दोष गवताचा. तारेला टेकलेलं एकेक पातं वीज जमिनीत उतरवत राहतं, म्हणून तारेखालची पट्टी खडीने झाका. आठवड्यातून एकदा कुंपणासाठीच्या टेस्टरने मोजा. दाब ३००० व्होल्टच्या खाली आला तर केसाळ अंगाला तो पुरत नाही. इशाऱ्याची पाटी लावा आणि शेजाऱ्यांच्या मुलांना दाखवून सांगा.

जाळीचं मात्र बहुतेकांचं चुकतं. पानगळीसाठी अंथरलेली हलकी जाळी रॅकूनच्या वजनाने खाली बसते आणि तिच्याखाली मासे अडकतात. शिवाय तिच्यात साप आणि पाखरं गुंततात. जाळी हवी तर लाकडी चौकटीवर ताणलेली, १ इंच छिद्रांची तारेची, पाण्यापासून फूटभर उंच. ती पाण्यात बुडू देऊ नका. गॅल्व्हनाइज्ड तारेतलं जस्त माशांना विषारी असतं.

हालचाल टिपून पाणी उडवणारा स्प्रिंकलर काही दिवस काम करतो, मग रॅकूनला त्याची सवय होते. त्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि थंडी पडण्याआधी तो रिकामा करून आत ठेवा. दिवे आणि रेडिओ यांच्यावर पैसे घालवू नका. अमोनिया, तिखट किंवा डांबरगोळ्या तळ्याजवळ अजिबात नको, मासेच मरतील.

पिंजरा लावून दूर सोडून येण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो करू नका. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या मध्य-अटलांटिक राज्यांत, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या मधल्या भागात, रॅकूनमधला रेबीज उसळला, तो देशाच्या आग्नेय भागातून शिकारीसाठी आणलेल्या रॅकूनमुळेच, असं मानलं जातं. अनेक राज्यांत असं स्थलांतर बेकायदा आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात पकडलेला प्राणी १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. शिवाय रिकाम्या जागी दुसरा रॅकून येतोच.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हे विशेष ऐका. रॅकून ठरावीक जागी शौच करतात, बहुतेकदा सपाट दगडावर किंवा ओंडक्यावर. त्या विष्ठेत जंताची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा होते. अंडी बाधक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ताजी घाण लगेच काढा: हातमोजे, मास्क, पिशवी बंद करून कचऱ्यात, मग दगडावर उकळतं पाणी. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी तळ्यात ओघळू देऊ नका.

वर्षातले दोन काळ जास्त जोखमीचे. मार्च-एप्रिलमध्ये मासे थंडीने मंद असतात आणि वर लिलीचं छत्र नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये मादी पिल्लांना बरोबर घेऊन फिरते, म्हणजे एका रात्रीत चार-पाच जोड्या हात पाण्यात.

हल्ला झालाच तर सकाळी आधी पाण्याची पातळी आणि पंप पाहा. नखाने फाटलेल्या लायनरमुळे पंप कोरडा चालून जळतो. मासे मोजायला जाळं घालू नका, ते आधीच हबकलेले असतात आणि कित्येक दिवस वर येत नाहीत. जखमा दिसल्या तर आयोडीन नसलेलं साधं मीठ, १००० गॅलनला सुमारे ८ पौंड, विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे पुन्हा घालायचं ते फक्त बदललेल्या पाण्यापुरतं. मासे स्वतःहून वर येऊ लागेपर्यंत खाणं बंद ठेवा, आणि पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर त्यानंतरही देऊ नका. खाण्याची पिशवी मात्र तळ्याजवळच्या बाकावर राहिली नाही ना, तेवढं आज रात्रीच पाहा.