काळ्या पगडीतला लाल रंग

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत छापलाय तो 'जुन्या फोटोंत रंग भरावेत का?' असा. त्याकडे येतोच. पण आधी जरा पगडीचं बोलू द्या, कारण त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

१८८०-९०च्या सुमारास पुण्यात काढलेला एखादा फोटो डोळ्यांसमोर आणा. पगडी लाल, हे आपल्याला ठाऊक असतं. फोटोत मात्र ती काळीकुट्ट. बाईच्या कपाळावरचं कुंकू काळं. निळं आकाश पांढरंफटक. याचं कारण रसायनात आहे. ओली कोलोडियन प्लेट (फोटो काढायची रसायन लावलेली काच) असो की साधी कोरडी जिलेटिनची, तिला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा आणि पिवळाही टिपायला लावलं. पुढे त्यातूनच ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आली. लाल तिलाही दिसत नव्हताच. लालपर्यंत पोचणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विक्रीला आल्या आणि रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. आपल्या कातडीत तांबूस-पिवळा अंश भरपूर, म्हणून जुन्या फोटोंत आपले आजे-पणजे होते त्याहून काळे दिसतात, हेही लक्षात घ्या.

म्हणून 'राखाडी छटेवरून मूळ रंग ओळखता येतो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला राग येतो. निळं लुगडं त्या प्लेटवर फिकं येतं आणि लाल गडद येतं. छटेवर विसंबलात तर दोन्ही उलटे रंगवाल.

आता समजा, पगडी लालच होती याचा पुरावा मिळाला. तरी काम सोपं नाही. फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये रंगाचा लेयर, म्हणजे फोटोवरचा वेगळा थर, 'कलर' मोडमध्ये टाकला की तो खालची उजळ-काळोखी तशीच ठेवतो. पंधरा टक्के उजेडाच्या काळ्यावर कितीही लाल ओता, हाती येतो काळपट तपकिरी. मग पगडीपुरता मास्क करून (बाकीचा फोटो झाकून) कर्व्हने, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या साधनाने, तो भाग उजळावा लागतो, आणि इथेच घाईत केलेला स्कॅन उघडा पडतो. ८ बिटच्या स्कॅनमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या पायऱ्या सगळ्या मिळून २५६. त्या अंधाऱ्या कोपऱ्याच्या वाट्याला त्यातल्या जेमतेम तीस-चाळीस येतात. त्या ताणून उजळल्या की पगडीवर पट्टे उमटतात. म्हणून स्कॅन कितीतरी जास्त पायऱ्यांचा, १६ बिटचाच हवा, टिफ प्रकारच्या फाइलमध्ये, आणि स्कॅनरचा आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवणारा पर्याय बंद करून. धूळ-ओरखडे रंगाआधी काढा, तेही वेगळ्या लेयरवर. नंतर काढायला गेलात तर प्रत्येक ठिपक्याभोवती रंगाचं कडं राहतं.

चेहऱ्याचंही तसंच. एकाच गव्हाळ रंगाने चेहरा भरला की तो प्लॅस्टिकचा होतो. नाक, गाल, कान तांबूस, कारण तिथे रक्त कातडीजवळ असतं, कपाळ पिवळसर, दाढीच्या जागी हिरवट-निळी झाक, डोळ्यांखाली किंचित जांभळं. पाच-सहा लेयर तरी लागतातच, आणि प्रत्येकाची ओपॅसिटी (खालचं झाकण्याची ताकद) इतकी कमी की एकेकटा बंद केला तर फरक जेमतेम कळावा.

एका बटणावर रंग भरणाऱ्या प्रोग्रामांचं विचारताय ना? ते शिकतात आजच्या रंगीत फोटोंवर. ते फोटो गणिताने राखाडी करायचे आणि मूळ रंग ओळखायला लावायचे. त्या राखाडीत लाल रंग काळा पडलेला नसतो, त्यामुळे जुन्या प्लेटची खोड त्यांना शिकवलेलीच नसते. शिवाय खात्री नसली की ते सरासरीकडे झुकतात. म्हणून सगळ्यांचे कपडे तपकिरी.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर रंग भरावेत का? पुरावा असेल तर भरावेत. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत १९४३ साली मारल्या गेलेल्या चेस्वावा क्वोका या चौदा वर्षांच्या पोलिश मुलीचा फोटो ब्राझीलच्या मरीना अमराल यांनी रंगवला. तिच्या छातीवरच्या त्रिकोणाचा लाल रंग फोटोतून आलेला नाही. राजकीय कैद्यांना लाल त्रिकोण देत, ही नोंद आहे. ओठावरची जखमही कल्पनेतली नाही. फोटो काढणारे कैदी विल्हेल्म ब्रासे यांनीच सांगून ठेवलंय की तिला त्याआधी मारलं होतं.

याच्या उलट उदाहरण २०२१चं. कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीच्या एस-२१ तुरुंगातल्या बळींचे फोटो रंगवताना काही चेहऱ्यांवर हसू चढवलं गेलं. तिथल्या संस्कृती मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि प्रकाशकाला ते फोटो काढून घ्यावे लागले. रंग काढून टाकला तर खालचा मूळ फोटो जसाच्या तसा मिळाला पाहिजे. चेहऱ्याच्या रेषेला हात लावला की तो वेगळाच फोटो झाला.

बाकीचं भरभर सांगतो. मूळ स्कॅनवर कधीच सेव्ह करू नका. लेयरांना नावं द्या: 'पगडी, पुरावा', 'उपरणं, अंदाज'. छापताना काळा-पांढरा फोटो शेजारी ठेवा आणि कुठले रंग अंदाजाचे आहेत ते ओळीत लिहा. फोटो इंटरनेटवर फिरू लागला की ती ओळ गळून पडते, म्हणून ती फोटोच्या खालच्या पट्टीतच कोरून टाका.