आठवीनंतरची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांची मंडळे आहेत. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या चाकरमान्यांनी ती उभी केली आणि देवळाच्या जीर्णोद्धारापासून शाळेच्या कौलांपर्यंत गावच्या अनेक कामांसाठी वर्गणी जमवली. या मंडळांनी आता गावातल्या नववीच्या मुलींकडे लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नववीच का, ते सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. आठवी संपली की हा आधार सुटतो. पुढची शाळा बहुधा बाजाराच्या गावी असते. मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून निघून जातो, पण मुलीच्या बाबतीत, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना आणि हिवाळ्यात दिवस लवकर मावळत असताना ती संध्याकाळी घरी कशी येईल, हा प्रश्न आईबापांपुढे आधी उभा राहतो. त्यांना मागासलेले म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची काळजी खरी आहे, आणि ती एसटीच्या वेळापत्रकाने मिटू शकते.

ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत मुलींसाठी बसगाड्या आणि सायकलीही दिल्या जातात. परंतु शाळा पाच वाजता सुटत असेल आणि गावाकडची गाडी साडेचारलाच निघून जात असेल, तर तो पास दप्तरातच राहतो, आणि वर्षभरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

वेळ बदलून घेण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र आणि मुलींची यादी जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्यावा लागतो. अर्ज देणे सोपे आहे. पाठपुराव्यात गावकरी थकतात, कारण एका खेपेला मजुरीचा एक दिवस बुडतो. कचेऱ्यांची पत्रव्यवहाराची रीत जाणणारी, निवृत्त झालेली कितीतरी माणसे आपल्या मंडळांत आहेत, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. गाडी मिळेपर्यंत गावातल्याच एखाद्या जीपचे भाडे मंडळाने भरावे. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे मात्र तिथल्या बायकांनाच विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा कायद्यानेच महिलांना दिलेल्या आहेत.

शाळा जूनमध्ये उघडतात. मे महिन्यात आपण गावी जालच, तेव्हा आठवी पास झालेल्या मुलींची नावे एका वहीत लिहून घ्या आणि परतीच्या वाटेवर तो अर्ज आगारात देऊन या.